पॅड बदलले की हेडफोन बदलतो

मी श्राव्य पुस्तकांचं संपादन करते. निवेदकानं वाचलेला मजकूर माझ्याकडे येतो. त्यातले अडखळे, ओठांचे चटकारे, पानांची सळसळ, मध्येच भुंकलेलं कुत्रं हे सगळं काढून मी तो पुढे पाठवते. दिवसाचा बहुतेक वेळ कानावर हेडफोन असतो आणि कित्येक वर्षांपासून तो एकच आहे. बंद पाठीचा, काळा, स्टुडिओत वापरतात तसला साधा हेडफोन. त्याच्यावर माझा कान बसला आहे. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च यांच्या शिट्टीत किती फरक असायला हवा, ‘भ’ किंवा ‘फ’ म्हणताना माइकवर आदळलेली हवा किती धपकन वाजली म्हणजे ती कापायची, हे त्याच्यावर मला न मोजता कळतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याचे पॅड पार गेले. कानाभोवती काळे पापुद्रे, टेबलावर पापुद्रे, कीबोर्डच्या फटीत पापुद्रे. पाठोपाठ डाव्या कपाला धरणारा दांडा तडकला. कंपनीकडे विचारलं, तर या मॉडेलचे पॅड आता येत नाहीत असं उत्तर आलं. नागपूरच्या बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत एका दुकानदारानं तो हातात फिरवून बघितला. ‘‘ताई, एवढं काऊन करून राहिल्या? नवीन घेऊन टाका ना.’’ त्याचा सल्ला प्रामाणिक होता. पण नवीन घ्यायचा म्हणजे कान पुन्हा पहिल्यापासून बसवायचा, आणि आतले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, तर ठणठणीत होते.

म्हणून मी ठरवलं की दुरुस्ती घरीच करायची आणि अट एकच ठेवायची: आवाज होता तसा परत यायला हवा. हेडफोनमध्ये बदल करणारी बरीच मंडळी उलट दिशेनं जातात. त्यांना मुळात नसलेला आवाज काढायचा असतो. फॉस्टेक्स कंपनीचा टी५०आरपी हा हेडफोन त्यांचा लाडका. त्याच्या कपात नमदा भरून, भोकं बुजवून, निरनिराळे पॅड लावून लोकांनी त्याची किती रूपं केली आहेत याला गणती नाही. त्यांच्या लिखाणातून मी खूप शिकले. फक्त मला जायचं होतं ते ठिकाण वेगळं होतं.

पॅड असे का गेले, ते आधी सांगते, कारण पुढची निवड त्यावरच ठरली. पॅडचं ‘लेदर’ म्हणजे बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. ऊब आणि ओल एकत्र आली की पाणी त्या प्लास्टिकच्या साखळ्या हळूहळू तोडतं. थर ठिसूळ होतो, कापडापासून सुटतो आणि पापुद्रे निघतात. वर घाम आणि केसांचं तेल असतंच. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो असं आपण म्हणतो आणि घराबाहेर ते खरंच आहे. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंशांची नोंद झाली होती. पण आपण घरात राहतो ते कूलरसमोर. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत माझ्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा येत असते आणि त्या हवेत हेडफोन खुंटीला टांगलेला असतो. ऊब आहे, ओल आहे. एसीच्या कोरड्या खोलीत जो पॅड निवांत टिकला असता, तो इथं झिजणारच. आता काम झालं की मी हेडफोन कोरड्या कापडानं पुसते आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवते.

आता मुद्द्याचं. पॅड म्हणजे कानाला टोचू नये म्हणून लावलेली उशी, एवढंच आपण समजतो. बंद हेडफोनमध्ये ती ड्रायव्हर आणि कान यांच्यामधल्या खोलीची भिंत असते. खोलीत हवा किती, भिंतीला फट कुठे, भिंत मऊ की कडक, यावर आवाज ठरतो. फट पडली की सगळ्यात आधी खर्ज जातो, कारण खालच्या स्वरांना दाब टिकवून ठेवावा लागतो आणि तो फटीतून निसटतो. पॅड जाड झाला की ड्रायव्हर कानापासून लांब जातो, मधली हवा वाढते आणि खर्जाचा दाब थोडा उतरतो. पॅड दबून चपटा झाला की उलट होतं. वरच्या स्वरांचं गणित अजून नाजूक आहे. तिथं दोन-तीन मिलिमीटरनंही ‘स’चा रंग बदलतो.

तुमच्या पॅडला फट आहे का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या, ५० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलके आत दाबा. घुमणं एकदम वाढलं, तर फट आहे. चष्मा काढून पुन्हा करून बघा. माझ्या बाबतीत चष्म्याच्या काडीजवळ थोडी फट होती आणि कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागे जो खोलगटपणा असतो तिथं सगळ्यात जास्त.

धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे हेच मॉडेल आहे, फारसं न वापरलेलं, पॅड शाबूत. तिनं ते काही दिवस दिलं आणि माझ्या कामाला आधार मिळाला. नाहीतर ‘पूर्वी कसं वाजायचं’ हे केवळ आठवणीवर ठरवावं लागलं असतं, आणि आवाजाची आठवण फार लवकर पुसट होते. प्लायवूडच्या तुकड्याला भोक पाडून त्यात एक छोटा इलेक्ट्रेट माइक पृष्ठभागाच्या बरोबरीनं बसवला, कडेची फट ब्लू-टॅक या चिकट लगद्यानं बुजवली, माइक यूएसबी साउंड कार्डाला जोडला. रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हेडफोनचा कप त्या माइकवर ठेवून सॉफ्टवेअरमधून खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा स्वर वाजवायचा आणि आलेख बघायचा. सपाट फळीला ना कानाची पाळी असते ना नळी, त्यामुळे हा आलेख म्हणजे हेडफोनचा खरा आवाज नव्हे. पण एकाच फळीवर एकाच माइकनं दोन पॅड मोजले, तर त्यांच्यातला फरक कळतो, निदान खर्ज आणि मधल्या स्वरांपुरता. वरच्या पट्टीत हेडफोन जरा सरकला तरी आलेख नाचतो. म्हणून प्रत्येक मोजणी हेडफोन उचलून, पुन्हा ठेवून, बऱ्याचदा करायची आणि सरासरी घ्यायची. ‘स’, ‘श’ आणि दोन्ही च यांच्यासाठी मात्र मी कानावरच विसंबले. एका निवेदिकेनं वाचलेला एक जुना उतारा मला पाठ झाला आहे, तोच प्रत्येक पॅडवर लावला.

आधी मखमलीचे पॅड घेतले, म्हणजे व्हेलोर. उन्हाळ्यात याहून सुखाचं काही नाही, कान श्वास घेतो. पण कापडातून हवा जाते, त्यामुळे खर्ज ओसरला आणि ‘भ’ची धपक जवळपास ऐकूच येईना. ज्याला संगीत मोकळं ऐकायचं आहे त्यानं हे जरूर लावावेत. माझ्या कामाला ते चालत नाहीत. शिवाय कूलरचा घोंगाट आत यायला लागला. कूलरची खालची घरघर तशीही कुठल्याच पॅडनं पुरती अडत नाही, पण पाण्याची टपटप आणि पंख्याची फरफर तरी बंद पॅड अडवतात.

नंतर कृत्रिम लेदरचे चांगले जाड पॅड आले. खूप आरामदायक, पण आवाज मागे सरकल्यासारखा झाला आणि ‘स’ टोचायला लागला. ‘चाक’चा च सुईसारखा आणि ‘चार’चा च होता तसाच. दाताशी होणाऱ्या त्या पहिल्या च ची शिट्टी वरच्या पट्टीत असते, ‘स’च्या शेजारी. दुसरा च जरा खाली राहतो. दोघांतलं अंतर असं ताणलं गेलं, तर मी निवेदकाचा आवाज उगाच बोथट करून पाठवीन.

शेवटी मेंढीच्या खऱ्या चामड्याचे, मध्यम जाडीचे, लंबगोल पॅड निवडले. खरं चामडं पापुद्रे टाकत नाही, पुसून वाळवत राहिलं तर टिकतं, आणि कातडीला छान चिकटून बसतं म्हणून खर्ज धरून ठेवतं. त्यांच्या आत मेमरी फोम आहे आणि त्याची एक गोष्ट कुणी सांगत नाही. हा फोम उष्णतेनं मऊ पडतो आणि थंडीत आखडतो. मे महिन्यात तो कानाभोवती लोण्यासारखा बसतो आणि ड्रायव्हर जरा जवळ येतो. डिसेंबरच्या सकाळी, खोलीत गारठा असताना, तोच पॅड सुरुवातीला कडक असतो आणि पाळीखाली फट सोडतो. थंडीत मी काम सुरू करण्याआधी तो थोडा वेळ नुसता कानावर ठेवते. अंगाच्या उबेनं बसला की मगच ऐकायला घेते.

अडचण अशी होती की हे पॅड दुसऱ्याच हेडफोनचे. माझ्या कपाच्या खाचेपेक्षा त्यांची किनार मोठी. इथून माझ्या भाच्याचं काम सुरू झालं. तो इंजिनीअरिंगला आहे आणि त्रिमूर्ती नगरच्या त्यांच्या घरी थ्रीडी प्रिंटर आहे. व्हर्नियर कॅलिपरनं कपाची लांबी, रुंदी, खाचेची खोली, सगळं मोजून आम्ही एक कडी काढली. आतल्या बाजूनं ती माझ्या कपावर बसते, बाहेरच्या बाजूला नव्या पॅडच्या किनारीसाठी मोठी खाच. मला फक्त जोडकडी हवी होती. भाचा म्हणाला, ‘‘मावशी, कडी करूनच राहिलो आहे, तर तिरपी करू ना. मागून जाड, पुढून पातळ.’’ त्याचं बरोबर होतं. माझी फट मागच्या बाजूला, पाळीखाली होती, आणि तिरप्या कडीनं पॅड नेमका तिथंच जास्त पुढे येतो. पुढून दोन मिलिमीटर, मागून साडेचार.

पहिला प्रश्न प्लास्टिकचा. पीएलए सगळ्यात सोपं, सुबक छापतं, पण साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात वर्धा रोडवर उन्हात बंद उभी केलेली गाडी आतून सहज तितकी तापते, डॅशबोर्ड तर त्याहून जास्त. शिवाय पीएलएवर कायमचा ताण असला तर ते कमी तापमानातही हळूहळू वाकत जातं, आणि हेडफोनचा प्रत्येक भाग कायम ताणाखालीच असतो. म्हणून पीईटीजी घेतलं. ते साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं आणि मोडण्याआधी थोडं लवतं. त्याचीही एक खोड आहे, ते हवेतली ओल पितं. ओल प्यायलेलं फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला पुरवायची प्लास्टिकची तार, छापताना फुसफुसतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सोडतं. प्रिंटर आधी कूलरच्याच खोलीत होता. तिथं ओल तर होतीच, पण झोतानं पहिल्या थराचे कोपरेही उचलले जायचे. तो आतल्या खोलीत हलवला आणि दोन्ही त्रास गेले.

तिरप्या कडीत एक बारीक गोम निघाली. प्रिंटर थरावर थर देतो, त्यामुळे कमी उताराचा पृष्ठभाग गुळगुळीत न येता पायऱ्यापायऱ्यांचा येतो, शेतातल्या बांधांसारखा. नखानं जाणवतील एवढ्या पायऱ्या. आणि बरोबर त्यांच्यावरच पॅड टेकणार, म्हणजे प्रत्येक पायरीशी हवेला वाट. थराची उंची ०.२ वरून ०.१२ मिलिमीटरवर आणली. मग काचेच्या तुकड्यावर पाणी लावलेला पॉलिश पेपर ठेवून कडी त्यावर आठाच्या आकड्यात घासली, बोटाला उतार सलग लागेपर्यंत. कपाच्या बाजूला एक मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी चिकटवली. ५० हर्ट्झ लावून कप दाबले आणि घुमण्यात काही फरक पडला नाही. फळीवरचा खर्जाचा आलेख मैत्रिणीच्या हेडफोनच्या आलेखावर जवळपास बसला. त्या संध्याकाळी मी फार खूश होते.

‘स’ अजून जरासा पुढे होता. स्टुडिओच्या जगात यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरच्या ट्वीटरवर, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या भागावर, टिश्यू पेपर लावायची जुनी पद्धत आहे, वरची धार थोडी मवाळ करायला. तेच केलं. ड्रायव्हरच्या जाळीवर टिश्यूचा एक पदर, गोल कापून. दोन पदर लावले तर ‘श’ मेला. एकच पुरला. ‘चाक’ आणि ‘चार’ आपापल्या जागी आले.

पॅड काढले की आत बघायचा मोह होतो, तेव्हा दोन गोष्टी जपा. जाळीवर अडकलेले पापुद्रे मऊ ब्रशनं, कप उलटा धरून झटका. ब्लोअर किंवा व्हॅक्यूम लावू नका, ड्रायव्हरचा थरथरणारा पडदा इतका पातळ असतो की झोतानं दुमडतो. आणि ड्रायव्हरमध्ये चुंबक आहे हे विसरू नका. कानस, लोखंडाचा कीस, सुटे स्क्रू हे टेबलावरून आधी हटवा, आणि स्क्रूड्रायव्हर सैल हातात धरून जाळीवर फिरवू नका. तो ओढला जातो, आणि पडद्याला भोक पडलं की हेडफोन संपला.

आता दांडा, म्हणजे योक. यू आकाराचा हा भाग कपाला दोन्ही बाजूंनी खिळ्यावर धरतो आणि हेडफोन घालता-काढताना फाकतो. म्हणून तो कायम एकाच जागी तडकतो, खिळ्याच्या भोकाशी किंवा यूच्या वळणावर. भाच्यानं मूळ दांडा स्कॅनरवर ठेवून त्याची बाह्यरेषा घेतली आणि त्यावरून आकार काढला. छापताना तो कसा ठेवायचा, यावर सगळं अवलंबून आहे. छापलेली वस्तू थर ज्या दिशेनं रचले त्या दिशेला कच्ची असते, दोन थरांमधून ती सुटते. यू उभा छापला, तर त्याच्या हातांतले थर आडवे येतात आणि फाकवताक्षणी हात चिरतो. आडवा पाडून छापला, तर प्रत्येक थर अख्ख्या यूमधून सलग फिरतो आणि ताण धाग्याच्या लांबीनं वाहून जातो. आम्ही तसाच छापला, भिंती पाच, आतून पूर्ण भरीव, आणि मूळ दांड्यात जिथं टोकदार कोपरा होता तिथं गोलाई दिली. मूळ तडा त्या कोपऱ्यातूनच सुरू झाला होता. खिळ्याचं भोक छापल्यावर नेहमी जरा लहान येतं. ते मशीननं न वाढवता ड्रिलचा बिट बोटांत धरून हातानं फिरवला, खिळा घट्ट पण फिरता बसेपर्यंत. उजवा दांडा चांगला होता, तरी दोन्ही बदलले. नाहीतर दोन बाजूंचा दाब वेगळा झाला असता आणि दाब वेगळा म्हणजे एका कानात खर्ज कमी.

हे सगळं करताना एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. पॅड ही झिजणारी वस्तू आहे, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरी मॉडेल बंद झालं की पॅडही बंद. असं करायलाच हवं असं काही नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा, सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा. दोघांचेही पॅड आज मागवता येतात. कॉसचा पोर्टा प्रो तर १९८४ चा, आणि त्याचे फोम लोक अजून बदलत असतात. ज्या हेडफोनचे पॅड सुटे मिळतात आणि कप स्क्रूनं उघडतो तोच घ्यावा, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. चिकटवून बंद केलेला कितीही गोड वाजो.

घरात बसून हे कशाला, असंही कुणी विचारतं. हेडफोनच घरात जन्मला आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन या माणसानं आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते अमेरिकेच्या नौदलानं विकत घेतले. आपल्याकडे आता प्रिंटरही आहे. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या ॲड्रियन बोयर यांनी घरी बांधता येईल अशा थ्रीडी प्रिंटरचा रेपरॅप प्रकल्प सुरू केला, २००९ मध्ये थरावर थर देणाऱ्या या छपाईचं मूळ पेटंट संपलं, आणि त्यानंतरच असे प्रिंटर भाच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या घरी आले.

चामड्याच्या पॅडला घामाचं वावडं असतं, म्हणून मेसाठी सासूबाईंनी मऊ सुती होजिअरीची खोळ शिवून दिली, काठाला बारीक इलास्टिक घालून. ‘‘शिलाई कानाला नको लागायला,’’ म्हणून त्यांनी जोड बाहेरच्या अंगाला घेतला. खोळीनं खर्ज थोडा उतरतो, कारण कापडातून हवा जातेच. म्हणून अडखळे काढायचं, कापाकापीचं काम खोळ चढवून करते आणि शेवटचं ऐकणं खोळ काढून, कूलर बंद करून, पहाटे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तेवढीच वेळ बरी असते.

एक काम बाकी आहे. डाव्या कपात वायर जिथून शिरते, तिथला रबराचा बोंडा फाटला आहे आणि वायर तिथं दुमडते. तो टीपीयूमध्ये छापायचा आहे, ते रबरासारखं लवचिक असतं. पण टीपीयू पीईटीजीपेक्षाही जास्त ओल पितं आणि सध्या पाऊस धो-धो लागला आहे. भाचा म्हणतो दसऱ्यापर्यंत थांब. तोवर वायरीला त्या जागी तापवली की आवळणाऱ्या हीट-श्रिंक नळीचा तुकडा चढवला आहे.